बिनी भाषेतले रोजचे शब्द: यादी पाठ करायला बसण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नवऱ्याची नेमणूक नायजेरियातल्या बेनिन सिटीत झाली आहे, काही महिन्यांत तुम्ही आणि सहावीतली मुलगी तिकडे जाणार आहात, आणि 'बिनी भाषेतले रोजचे दोनशे शब्द' अशी एक यादी तुमच्या हाती लागली आहे. ती पाठ करावी का, उच्चार कसे करायचे, घरकामाला येणाऱ्या वयस्कर बाईंना काय म्हणायचं, आणि तिथे इंग्रजी चालतं असं सगळे सांगतात तर ही उठाठेव करावी तरी का? मी बेनिन सिटीत बरीच वर्षं शाळेत शिकवते आहे. नव्यानं येणाऱ्या भारतीय कुटुंबांना कामापुरती भाषा शिकवणं हे ओघानंच माझ्याकडे आलं. त्या अनुभवातून लिहिते.

शब्द कमी पडतील ही तुमची भीती बरोबर नाही. शिकलेले शब्द वापरायची वेळच येणार नाही, ही खरी अडचण आहे. बेनिन सिटीत कचेरी, बँक, दवाखाना, शाळा सगळीकडे इंग्रजी आहे. रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत बाकी सगळं नायजेरियन पिजिनमध्ये, म्हणजे इंग्रजीतून घडलेल्या इथल्या बोलीत चालतं. 'हाऊ फार' म्हणजे कसं काय, 'वेटिन' म्हणजे काय, 'आबेग' म्हणजे कृपा करा हो. पहिल्याच आठवड्यात तुमच्या तोंडी पिजिन बसायला लागेल. तेव्हा टोमॅटो मागण्यासाठी बिनी शब्द शिकलात तर तो मनातच राहील. या भाषेचं शहरातलं काम वेगळं आहे: मोठ्यांना मान देणं, घरात पाहुणी म्हणून नीट वागणं, आणि आपण या माणसांची दखल घेतली आहे हे दाखवणं. शब्द निवडायचे ते या कामासाठी.

किती शिकावं हे तुम्ही कुठे राहणार यावरही आहे. जीआरए या सरकारी वसाहतीच्या भागात कंपनीच्या बंगल्यात राहिलात तर शेजारी इग्बो, उर्होबो, एसान, कोणीही असेल. बेनिन सिटी ज्याची राजधानी आहे ते एदो राज्य १९९१ साली झालं, पण त्या राज्यातला प्रत्येक माणूस ही भाषा बोलत नाही. ती मुळात राज्याच्या दक्षिण भागाची, म्हणजे बेनिन सिटी आणि भोवतालच्या गावांची. उत्तरेकडे एसान आणि एत्साको या तिच्या बहिणी आहेत. नातं कळतं, पण एक आली म्हणून दुसरी येत नाही. उलट रबराच्या किंवा पामच्या मळ्यावर, शहराबाहेर राहणार असाल, तर आसपासच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला हीच भाषा लागेल. नवऱ्याला आधी कामाची जागा नक्की विचारा आणि मग वही उघडा.

आता नावाचा घोळ. तुमच्या यादीवर 'बिनी' लिहिलं आहे. इथली माणसं आपल्या भाषेला, आपल्या लोकांना आणि शहरालाही 'एदो' म्हणतात. इंग्रजीत बोलताना ती स्वतःला बिनी म्हणवून घेतात, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. हान्स मेल्झियान यांचा १९३७ साली लंडनहून छापलेला कोश 'बिनी' नावानं होता. १९८६ साली रिबेका अघेयीसी यांनी बेनिन सिटीतूनच कोश काढला तो 'एदो' नावानं. दोन्ही एकाच भाषेचे. पण सावध राहायचं ते 'बेनिन' या शब्दापासून. शेजारी बेनिन नावाचा वेगळा देश आहे. तो आधी दाहोमे होता, १९७५ साली त्यानं नाव बदललं. तिथे फ्रेंच चालते, आणि फोन नावाची निराळीच भाषा. 'बेनिनची भाषा' म्हणून शोधलंत तर फोनचे शब्द हाती येतात, आणि लोक ते भक्तिभावानं पाठ करून येतात. तुमच्या यादीत सकाळच्या नमस्कारासाठी 'ओबोविए' आणि पाण्यासाठी 'आमॅ' असेल तर यादी योग्य भाषेची आहे. नसेल तर सरळ बाजूला ठेवा.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाचं नशीब बरं आहे, पण सगळीकडे नाही. एदोत सात स्वर आहेत. रोमन लिपीत लिहिताना त्यांतल्या दोघांच्या खाली टिंब देतात. टिंब असलेला ओ म्हणजे आपला 'ऑफिस'मधला ऑ. टिंब असलेला ए म्हणजे 'पेन', 'बेड' हे शब्द इंग्रज माणूस म्हणतो तसा उघडा ए. मी तो इथे ॲ असा लिहिते. छापणारे बरेचदा टिंबं गाळतात आणि मग यादी निम्मी आंधळी होते. राजाला 'ऑबा' म्हणतात, 'ओबा' नव्हे. मूल म्हणजे 'ऑमॉ', दोन्ही स्वर उघडे.

व्यंजनांत एक गंमत आहे. रोमन लिपीत व्ही आणि बी ही अक्षरं जोडून लिहिलेली दिसली की आपले लोक 'व्ब' असं काहीतरी कष्टानं काढतात. तसं काही करायचं नाही. ते जोडाक्षर म्हणजे आपला साधा 'व' आहे, 'वारा'मधला. खालचा ओठ दातांजवळ जातो, पण घासत नाही. इंग्रजांना हा आवाज शिकवावा लागतो, आपल्याला तो आईच्या दुधातून मिळाला आहे. म्हणून जेवणाचा शब्द 'एवारे' असाच म्हणा. नुसता व्ही मात्र घासून म्हणायचा. के आणि एच जोडलेलं दिसलं तर तो आपला ख नाही. 'ख़बर' हा शब्द उर्दू बोलणारा म्हणतो तसा घशातला आहे. जी-एच हाही तसाच, 'ग़ज़ल'मधला ग. के-पी आणि जी-बी या जोड्या ओठ आणि घसा एकाच वेळी सोडून म्हणायच्या. त्याला आरशासमोर बसावं लागतं आणि मुली ते आयांपेक्षा लवकर शिकतात.

स्वरानंतर एन लिहिला असेल तर बहुतेक वेळा तो न नसतो, स्वर नाकातून काढायची ती खूण असते. कोकणी किंवा मालवणी घरातल्या माणसाला हे सांगावंच लागत नाही. पण दुर्लक्षही करू नका, कारण 'एहा' म्हणजे तीन आणि 'एहां' म्हणजे सहा. दोन्हींत फरक फक्त नाकाचा.

आणि मग सूर. इथे आपली सगळी तयारी संपते. एदो ही सुरांची भाषा आहे. अक्षर उंच सुरात म्हटलं का खालच्या, यावर अर्थ ठरतो. ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांचं आवडतं उदाहरण याच भाषेतलं आहे. 'इ' म्हणजे मी, 'मा' म्हणजे दाखवणं. दोन्ही खालच्या सुरात म्हटलं तर 'मी दाखवते', नेहमीची गोष्ट. पहिलं उंच, दुसरं खाली, तर 'मी दाखवते आहे'. पहिलं खाली, दुसरं उंच, तर 'मी दाखवलं'. अक्षरं तीच, काळ फक्त सुरानं बदलला. आपण मराठीत जे प्रत्ययांनी करतो ते इथे गळ्यानं होतं. म्हणून मी नव्या मंडळींना शब्द लिहून देत नाही. आधी तोंड मिटून नुसता सूर गुणगुणायला लावते, आणि सूर बसला की मग अक्षरं देते. छापील यादीतून हे कधीच येणार नाही. तुम्ही कितीही मन लावून पाठ करा, तुमचा मराठी हेल त्या शब्दांवर चढतो आणि ऐकणारा कपाळाला आठ्या घालतो. निघण्याआधी एवढंच करा: नवऱ्याच्या कचेरीतल्या एखाद्या एदो सहकाऱ्याकडून दहा-बारा नमस्काराचे शब्द त्याच्या आवाजात मागवून घ्या. दोनशे शब्दांच्या कागदापेक्षा ती एक ध्वनिफीत जास्त कामाला येईल.

नमस्कार इथे अक्षरशः पहिली पायरी आहे. धाकट्यानं थोरल्याला आधी म्हणायचं, आणि जरा वाकून किंवा गुडघा मोडून म्हणायचं. खोलीत शिरून एकदम कामाचं बोलायला लागलात तर तुम्ही कितीही गोड बोललात तरी उद्धट ठरता. कोणाही ओळखीच्याला 'कोयो' चालतं. सकाळी 'ओबोविए', दुपारी 'ओबावां', संध्याकाळी 'ओबोता'. शेवटचे तुकडे काढलेत तर 'ओविए' म्हणजे सकाळ, 'आवां' म्हणजे दुपार, 'ओता' म्हणजे संध्याकाळ हे आपोआप कळतं. बाहेरून आलेल्याचं स्वागत 'ओबोखियां' म्हणून करतात. विमानतळापासून तुम्ही तो इतक्या वेळा ऐकाल की पाठ करायची गरज नाही. रात्री निरोप घेताना 'ओखिओविए', म्हणजे सकाळपर्यंत.

कशी आहेस हे विचारायला 'वे ओये हे?' आणि त्याला उत्तर 'ओयेसे', बरं आहे. या उत्तरातला 'एसे' म्हणजे चांगलं, भलं. तोच आभारात येतो: 'उरु एसे', तू भलं केलंस. 'उ' म्हणजे तू, 'रु' म्हणजे करणं. समोर अनेक जण असतील तर 'उ'च्या जागी 'वा' येतो, 'वा रु एसे'. 'लाहॉ' म्हणजे कृपया. हो म्हणायला 'ॲं', नाही म्हणायला 'ॲओ'. एवढ्यावर एक अख्खी दुपार कोणाच्याही घरी निभते. वस्तू देताना-घेताना डावा हात पुढे करायचा नाही, हे तुम्हाला घरातच शिकवलेलं आहे, इथेही तोच नियम.

सकाळच्या नमस्काराचा आणखी एक प्रकार तुमच्या कानावर पडेल. जुन्या एदो घराण्यांत सकाळी मुलं आईवडिलांना 'ओबोविए' म्हणत नाहीत. प्रत्येक कुळाचा स्वतःचा एक नमस्कार असतो आणि तोच म्हणतात. 'लामोगुन' हा राजघराण्याचा. दोन अनोळखी माणसांना एकमेकांचं कूळ त्यावरून समजतं, आपल्याकडे देवक किंवा कुलदैवत विचारलं की समजतं तसं. हा शब्द सुंदर आहे म्हणून यादीतून उचलून कोणाला म्हणू नका. तो त्यांच्या घरातला आहे.

आता माझ्या शिकवण्याची खरी पद्धत सांगते. मी शब्दांपासून सुरुवातच करत नाही, माणसांच्या नावांपासून करते. एदो नाव म्हणजे बहुधा पूर्ण वाक्य असतं किंवा वाक्याचा मोठा तुकडा. तुमच्या नवऱ्याच्या कचेरीत निदान चार-पाच नावं 'ओसा'नं सुरू होणारी किंवा 'ओसा'नं संपणारी निघतील. 'ओसानोबुआ' म्हणजे परमेश्वर, त्याचं हे आखूड रूप. ओसागिए म्हणजे देवानं पाठवलेला, 'गिए' म्हणजे पाठवणं. ओसाझे म्हणजे देवानं निवडलेला, 'झे' म्हणजे निवडणं. ओसारोदिओन म्हणजे देव हाच थोरला. 'ओदिओन' म्हणजे वडीलधारा माणूस, हा शब्द गावात रोज लागतो. ओसामुदिआमेन म्हणजे देव माझ्या पाठीशी उभा आहे, त्यातला 'मुदिआ' म्हणजे उभं राहणं. नोसाखारे म्हणजे देव जे बोलला ते, 'खारे' म्हणजे म्हणणं.

दुसऱ्या टोकाला ओसा असलेली नावं घ्या. एफोसा म्हणजे देवाची संपत्ती, 'एफे' म्हणजे श्रीमंती. एघोसा म्हणजे देवाची वेळ, 'एघॅ' म्हणजे वेळ. इयोबोसा म्हणजे देवाची मदत. एसोसा म्हणजे देवाचं देणं, आणि त्यात तोच 'एसे' लपला आहे जो आभारात होता. मुलींच्या नावांत इतोहान म्हणजे दया, इविए म्हणजे मौल्यवान पोवळ्याचे मणी, आदेसुवा म्हणजे समृद्धीच्या मधोमध. माझं आवडतं ओमोसिघो: मूल पैशाहून मोठं. 'ऑमॉ' मूल, 'इघो' पैसा. पगाराच्या दिवशी हे नाव कचेरीत घेतलंत की हशा ठरलेला.

नावांनी सुरुवात करण्यात तिहेरी फायदा आहे. एक तर ही नावं तुम्हाला नाहीतरी शिकावीच लागणार. दुसरं, नावाचा अर्थ विचारला की माणूस खुलतो. थांबून, नीट सुरात, दोनदा म्हणून दाखवतो, आणि फुकटची शिकवणी होते. तिसरी गोष्ट व्याकरणाची. एफे आणि ओसा जोडताना 'एफेओसा' होत नाही, एफोसा होतं. आधीचा स्वर गळतो. एघॅ आणि ओसाचं एघोसा. एदोत जवळजवळ प्रत्येक नाम स्वरानं सुरू होतं आणि शब्द स्वरानंच संपतात, त्यामुळे वाक्यभर हे संधी चालू असतात. यादीतले सुटे शब्द तुम्हाला बोलण्यात ऐकू का येत नाहीत, याचं उत्तर यात आहे. संधी शाळेत शिकलेल्या माणसाला हे पचायला जड नाही. राजमातेला 'इयोबा' म्हणतात: 'इये' म्हणजे आई, आणि ऑबा. सोळाव्या शतकातली राजमाता इदिया, ऑबा एसिगिए याची आई, तिचा हस्तिदंती मुखवटा तुम्ही कुठेतरी नक्की पाहिला असेल. १९७७ साली लागोसला झालेल्या मोठ्या आफ्रिकी कला महोत्सवाचं तेच बोधचिन्ह होतं. १८९७ साली इंग्रजांनी शहर लुटलं तेव्हा तो राजवाड्यातून गेला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि बेनिन सिटीत हा विषय निघाला की गप्पा लांबतात. तुम्ही 'इयोबा' हा शब्द ओळखलात एवढ्यानंही समोरचा सावरून बसतो.

घरच्या नात्यांचे शब्द थोडे आहेत. 'एर्हा' वडील, 'इये' आई, 'ओक्पिआ' पुरुष, 'ओखुओ' बाई, 'ऑम्वां' माणूस. अनेकवचन शेवटाला नाही, सुरुवातीला होतं: ओक्पिआचे इक्पिआ, ओखुओच्या इखुओ, ऑम्वांचे एम्वां, ओदिओनचे एदिओन. तो, ती, ते या तिघांना मिळून एकच 'ऑ' आहे. 'ऑ रे' म्हटलं तर तो आला, ती आली, ते आलं, काहीही. लिंग सांभाळायची कटकट नाही, या बाबतीत एदो शिकणाऱ्यावर दया करते.

आकड्यांचं काय करायचं ते तुमच्यावर. ओक्पा, एवा, एहा, एनॅ, इसॅं, एहां, इहिनरॉं, ॲरॅंरॅं, इहिनरिं, इग्बे: हे एक ते दहा. बाजारात भाव इंग्रजीतच सांगतात, नायरा या इथल्या चलनाचे आकडे हजारांत असतात आणि ते एदोत मोजणारे तरुण शहरात शोधावे लागतात. तरी दहापर्यंत शिका, कारण पुढची रचना आपल्या जुन्या माणसांना ओळखीची वाटेल अशी आहे. ही भाषा विसांनी मोजते. वीस म्हणजे 'उगिए'. चाळीस 'इयेवा', त्यात एवा म्हणजे दोन, दोन विसा. साठ 'इयेहा', तीन विसा. ऐंशी 'इयेनॅ', शंभर 'इयिसॅं', पाच विसा. माझी आजी आंबे आणि नारळ असेच मोजायची. सोळा ते एकोणीस तर विसातून वजा करून सांगतात, सोळा म्हणजे विसाला चार कमी. आपण एकोणीस, एकोणतीस म्हणताना एकच वजा करतो. हे चारपर्यंत जातात.

शहराबाहेर बाजाराचे वार वेगळे. एदोंचा आठवडा चार दिवसांचा: एकॅन, ओरिए, आहो, ओकुओ. गावचा बाजार ठरावीक दिवशी भरतो, पण तो दिवस दर चौथ्या दिवशी येतो, त्यामुळे 'दर गुरुवारी' असं धरून गेलात तर मोकळं मैदान बघून परत याल. मळ्यावर राहणार असाल तर हे चार शब्द नमस्कारांनंतर लगेच शिका. शहरात राहणार असाल तर सोडून द्या. बाजाराला 'ॲकी' म्हणतात.

खाण्यापिण्याचे शब्द घरकामाच्या निमित्तानं येतातच. 'आमॅ' पाणी, पाऊसही तोच. 'एवारे' जेवण, त्यातला 'रे' म्हणजे खाणं. 'इयां' म्हणजे याम, कोनफळाच्या जातकुळीतला मोठा कंद. तो उकडून उखळात कुटला की 'एमा'. 'उम्वॅ' मीठ. 'एबे' म्हणजे पान, आणि कागद किंवा पुस्तकही एबेच. शाकाहारी असाल तर भाषेपेक्षा मोठी अडचण ही आहे की इथल्या रश्शात मासळीची सुकट किंवा मांस न विचारता पडतं. 'ओमोएबे' नावाचा काळसर पालेभाजीचा रस्सा इथला खास. कडू पानं आणि सुवासिक पानं वाटून करतात. पाहुणी म्हणून कोणाकडे गेलात तर आधीच सांगून ठेवा, ताटावर बसून नाही.

कोणाच्या घरी पहिल्यांदा बोलावतील तेव्हा काय होतं ते पाहून ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही. तुम्ही बसलात की एका ताटलीत 'एवे' येते. ही कोला नावाच्या झाडाची बी, चिंचोक्यापेक्षा बरीच मोठी, गुलाबी किंवा पांढरट, चवीला कडूजहर. लगेच उचलून तोंडात टाकायची नाही. घरातले वडीलधारे ती हातात घेतात आणि पाहुण्यांसाठी, घरासाठी, प्रवासासाठी एकेक मागणं मागतात. प्रत्येक वाक्याशेवटी क्षणभर थांबतात, आणि खोलीतले सगळे एका आवाजात 'इसे' म्हणतात, तथास्तु. दारात उभी असलेली शेंडेफळंसुद्धा म्हणतात. मागणी संपली की ती बी फोडून वाटतात. तुकडा लहानसा घ्या, चावा आणि तोंड वाकडं करू नका. काही वेळानं पाणी प्यायलात की पाणी गोड लागतं. तुम्हाला एदोतलं काहीही येत नसलं आणि बरोबर जागी एक 'इसे' म्हणता आलं, तरी त्या घरात तुमची बसायची जागा ठरली. राजाचा उल्लेख झाला तर 'ऑबा घातॉ क्पेरे' असं ऐकाल, म्हणजे राजा दीर्घायू होवो. त्यालाही उत्तर 'इसे'च. २०१६ साली गादीवर आलेल्या ऑबा एवुआरे दुसरे यांच्याविषयी बोलताना शहरातली माणसं आवाज खाली आणतात, तेव्हा तिथे थट्टा नको.

एक अवांतर गोष्ट, मराठी माणसाला मौज वाटेल म्हणून. किल्लीला एदोत 'इसाहे' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांचा, ज्या शब्दापासून आपली 'चावी' झाली तोच. पोर्तुगीज बेनिन सिटीला पंधराव्या शतकाच्या शेवटी पोचले, गोव्यात त्यानंतर काही वर्षांनी. तंबाखूचा 'एताबा' आणि चमच्याचा 'एकुये' हेही त्यांचेच. घराची किल्ली हातात घेऊन 'इसाहे' आणि 'चावी' एकापाठोपाठ म्हणून दाखवलंत, तर शेजारीण हा किस्सा चार घरी सांगेल.

तर यादीचं काय करायचं? पेन्सिल घ्या आणि बिबट्या, हत्ती, भाला, होडी असे शब्द खोडा. त्यांना राजवाड्याच्या ब्राँझ पुतळ्यांत आणि इगुन स्ट्रीटवरच्या ओतकाम करणाऱ्यांच्या दुकानांत जागा आहे, तुमच्या स्वयंपाकघरात नाही. शरीराचे अवयव ठेवा, कारण दवाखान्यात म्हाताऱ्या मदतनीस बाईंना घेऊन जायची वेळ येऊ शकते: 'उहुन्म्वुन' डोकं, 'आरो' डोळा, 'एहॉ' कान, 'उनु' तोंड, 'ओबॉ' हात, 'ओवॅ' पाय. शेवटचे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात, तेवढे सांभाळा. क्रियापदांत 'लारे' म्हणजे इकडे ये, 'तोता' म्हणजे बस. तुमच्या मुलीला हिंदी येत असेल तर कोणी 'तोता' म्हणताच ती पोपट शोधत बसेल; तिला आधी सांगून ठेवा. बाकी सगळं तिथे गेल्यावर.

मुलीची काळजी करू नका. शाळेत इंग्रजीच आहे, मधल्या सुट्टीत पिजिन. एदो बोलणाऱ्या मैत्रिणीच्या आजीला तिनं गुडघा मोडून 'ओबोविए' म्हटलं की पुढचं ती आजी बघून घेईल.

राहिला तो घरी येणाऱ्या वयस्कर बाईंचा प्रश्न. त्यांना नुसत्या नावानं हाक मारू नका, भले पगार तुम्ही देत असाल. इथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावावरून हाक मारायची रीत आहे: मुलगा एफोसा, तर शहरात 'मामा एफोसा', एदोत 'इये एफोसा'. पहिल्याच दिवशी मुलांची नावं विचारा, ती कशी म्हणायची ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या, आणि त्यांनाही तुमच्या मुलीचं नाव नीट सांगा. आठवड्याभरात त्या तुम्हाला तिच्या नावानं हाक मारायला लागतील, तेव्हा गोंधळून मागे वळून बघू नका.